सायकल धरणारं माणूस

"सायकल कोण धरणार?" मंडळाच्या राजाभाऊंनी विचारलं आणि भागोजीचं पेन त्या रकान्यावर अडकलं.

पंधरा ऑगस्टच्या शर्यतीचा अर्ज होता तो. रत्नागिरीतून खेडशीपर्यंत धावायचं, तिथून सायकलनं हातखंब्याला जाऊन परत खेडशीला यायचं आणि पुन्हा धावत शहरात. सायकली आदल्या दिवशी मंडळाचा टेंपो पोचवणार, पण परत आणायच्या ज्याच्या त्यानं. खेडशीच्या सड्यावर, त्या उघड्या कातळावर, पावसाळी वाऱ्यात सायकल स्टँडवर उभी राहत नाही. गेल्या वर्षी, म्हणजे पंच्याऐंशीला, चार सायकली आडव्या झाल्या आणि दोघांची हँडलं वाकली. तेव्हापासून नियमच झाला, सायकल धरायला ज्यानं त्यानं आपलं माणूस उभं करायचं.

आपलं माणूस! भागोजी पाणीखात्यात वॉलमन. रोज पहाटे गल्लोगल्ली सायकल मारत व्हॉल्व फिरवायचा. अर्ध्या गावाच्या घागरी त्याच्या हातानं भरत, पण त्याची आठवण लोकांना पाणी गेलं की व्हायची. घरी बायको नव्हती. दोन वर्षांपूर्वी भातलावणीला म्हणून काशी खेडशीला भावाकडे गेली ती तिकडेच राहिली. भांडण म्हणावं तर तेही झालं नव्हतं. ती बोलायची, हा गप्प बसायचा, एवढंच. माहेरी गेलेल्या बाईला नवऱ्यानं न्यायला जायचं असतं. हा गेला नाही, ती आपण होऊन आली नाही, आणि दोन्हीकडचा मान सांभाळता सांभाळता दोन पावसाळे गेले. मान तेवढा जागेवर होता. घरात मात्र संध्याकाळी दिवा लावायलाही कोणी नव्हतं.

भागोजीनं रकान्यात 'काशी' लिहिलं. बेचाळिसाव्या वर्षी धावायची हौस त्याला कशाला असणार? शर्यत तिच्या दारावरून जात होती, म्हणून हा अर्ज. दूधवाल्या दादूकडून त्यानं निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी दादू म्हणाला, "बगते म्हनाली."

शर्यतीच्या सकाळी पाऊस नुसता झोडपत होता. कुवारबावचा चढ संपून सडा लागला तसा वारा अंगावर आला, डोळे उघडे ठेवणं मुश्कील झालं. भागोजी मान खाली घालून पळत होता. ती नसली तर सायकल चिखलात पडलेली असेल आणि सगळे बघतील, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

काशी उभी होती. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरलेलं.

"न्यायला आलाव?" तिनं हळूच विचारलं.

भागोजीला धाप लागली होती. "येताना बोलतो," म्हणाला आणि त्यानं टांग मारली.

हातखंब्यापर्यंत समोरचा वारा सायकल मागे ढकलत होता. भागोजी एकच वाक्य घोकत होता. 'काशी, घरी चल.' इतकं सोपं वाक्य दोन वर्षं का सुचलं नाही, याचं त्याला हसू आलं आणि मग रडूही आलं. पावसात दोन्ही खपून गेलं.

परत आला तेव्हा तिच्या अंगावर ठेवणीतलं लुगडं होतं आणि पायाशी एक बोचकं. तिनं सायकल हातात घेतली.

"काशी..." भागोजीनं तोंड उघडलं.

"भागोजी, तिसरा हायस तू!" मंडळाचा लवू रस्त्यावरून ओरडला. "मागचा दिसायला लागला, पळ!"

आजवर तो कशातही तिसरा आला नव्हता. पाय आपसूक वळले. "आलोच," असं काहीतरी तो म्हणाला आणि पळत सुटला.

तिसरा आला तो. ताडपत्रीखालच्या तीसेक माणसांनी टाळ्या वाजवल्या. राजाभाऊंनी स्टीलची कळशी हातात दिली, म्हणाले, "जा, वहिनींना दाखव." बक्षिसं संपली तसे सगळे आपापल्या माणसांबरोबर निघून गेले. ताडपत्री सोडणाऱ्यांना अडचण नको म्हणून भागोजी बाजूला सरकला आणि तसाच खेडशीच्या वाटेला लागला. वाक्य तेच होतं. वाटेत चार वेळा त्यानं ते मोठ्यानं म्हणून पाहिलं.

पोचला तेव्हा काशी जुनं लुगडं खोचून गोठा झाडत होती. बोचकं कुठे दिसलं नाही. सायकल पडवीत होती, फडक्यानं पुसून कोरडी केलेली.

काशीनं त्याच्याकडे बघितलं. खराटा बाजूला ठेवला. मग तिनंच विचारलं, "सायकल न्यायला आलाव ना?"

वाक्य ओठावर होतं. नुसतं सोडायचं होतं.

"होय," भागोजी म्हणाला.

तिनं सायकल अंगणात आणली. त्यानं कळशी पुढे केली. "तुला," म्हणाला, पण ते इतक्या हळू की पागोळ्यांच्या आवाजात विरून गेलं. तिनं कळशी घेतली, फिरवून बघितली आणि सुंभ आणून कॅरियरवर बांधायला लागली. एक गाठ, वर दुसरी. हलवून बघितलं.

"घट हाय," ती म्हणाली. "घरापर्यंत सुटायची नाय."