मगरीनं चावलेली ट्रंक

मी ट्रंक बोलतेय. काळी, पत्र्याची, अंगावर पांढऱ्या रंगात ‘माजी नायक आकाराम, कुंडल’ असं लिहिलेली. शपथेवर सांगते, यातलं अक्षरही खोटं नाही. खोटं निघालं तर माझी कडी तुटून पडो! आता कडी गेल्याच वर्षी तुटली, ते सोडा.

फौजेत असताना आकारामांबरोबर मी जहाजानं थेट अंदमानला गेले. तिकडच्या एका लांबच्या बेटावर मगरीनं माझा कोपरा धरला आणि आकारामांनी तिला पळीनं हाणून हुसकावलं. माझ्या कोपऱ्यावरचे तीन पोचे म्हणजे तिचे दात. घरात ही हकिकत वीस वर्षं गाजली. ते अख्खं बेट म्हणजे आता राष्ट्रीय उद्यान आहे.

यंदा नात संयोगिता मोबाईल घेऊन माझ्यावरच बसली. “आजोबा, सगळ्यांनी तुमचं बेट बघायला जायचं. पुण्यातनं विमान, पुढं बोट. परवान्याचा अर्ज भरतेय मी.”

मला वाटलं, म्हातारा उडीच मारेल. तर चेहरा पडला.

“बोट लय हालती, बाळा.”

दुसऱ्या दिवशी म्हणे, उसाला तोड येणार. तिसऱ्या दिवशी गुडघा दुखू लागला. सकाळी उजवा, संध्याकाळी डावा.

इथं मला संशय आला. अंबूबाईही भाकरी थापता थापता नवऱ्याकडं तिरकं बघू लागल्या. “आवं, तोड दोन म्हैन्यांनी हाय. आन् गुडघा नक्की कंचा?”

त्यात अर्जात प्रश्न निघाला : यापूर्वी या बेटावर आला होता का?

“हो लिहू ना?” संयोगिताचं बोट काचेवर थांबलं.

आकाराम माझ्याकडं बघत राहिले. हो म्हणावं तर सरकारी कागदावर खोटं. नाही म्हणावं तर वीस वर्षांची मगर नातीसमोर मरते.

“न्हाई लिव्ह,” ते शेवटी म्हणाले. “बेट जहाजावरनं दिसलं, लांबनं. मी भटारखान्यात कांदं चिरत हुतो.”

“आणि मगर?”

उत्तर अंबूबाईंनी दिलं. “मगर नव्हतीच. मला पयल्यापास्नं ठावं हाय. पर तिच्या नादानं तू दोडका खायचीस, म्हणून गप बसले.”

संयोगिता खो खो हसली. “मग तर यायलाच लागतंय, आजोबा. खरी मगर बघितल्याशिवाय परत आणत नाही तुम्हाला!”

दोन्ही गुडघे जागच्या जागी बरे झाले.

आता माझं. माझ्या अंगावरचा ‘माजी’ हा शब्द कुणी नीट वाचतच नाही. मला अंबूबाईंनी लोणंदच्या बाजारातून आणलं, ते आकाराम निवृत्त होऊन आल्यावर. समुद्र मी पाहिलेला नाही. जहाजाचा प्रवास माझ्या पदरचा, पोचे एसटीच्या टपावरून पडल्याचे. मगर त्यांनी रचली, साक्ष मी दिली.

प्रवासाला चाकांची बॅग नेणार म्हणे. एवढंच मागते, मलाही न्या. म्हाताऱ्याचं खोटं आता खरं होईल. माझं एकटीचंच माळ्यावर राहायला नको.