छातीभर पाण्यातला डेल्बर्ट

डेल्बर्ट मलिन्सने एकतीस वर्षं वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळशाच्या खाणीत काढली, त्यातली निम्मी गुडघ्यांवर रांगत. छतच एवढं खाली, की उभं राहायची सोय नाही. निवृत्तीनंतर त्या गुडघ्यांनी सगळा हिशेब एकदम मागितला. संधिवात. सकाळी पलंगावरून उतरायचं म्हणजे बायकोला, ऑर्फाला, दोन हाका माराव्या लागत.

डॉक्टर म्हणाले, "हलत राहा. बसलात की गंजलात." ऑर्फाने त्याला न विचारताच गावच्या तरणतलावावरच्या वर्गात त्याचं नाव घातलं. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहाला, कोमट पाण्यात, खास संधिवातवाल्यांसाठी.

पहिल्या दिवशी तलावात अकरा बायका होत्या आणि काठावर एकटा डेल्बर्ट. पाण्याकडे बघताच त्याचे पाय जागीच थिजले.

"काय रे, पाण्याची परवानगी मागतोयस का?" ब्याऐंशी वर्षांच्या इमोजीनबाई पाण्यातून ओरडल्या. बायका खिदळल्या.

शिकवणारी रोंडा त्याच्याजवळ आली. "मिस्टर डेल्बर्ट, पाणी छातीपर्यंतच आहे हो."

डेल्बर्ट खालच्या आवाजात म्हणाला, "सात वर्षांचा होतो. पूर आला तेव्हा रात्रभर छपराला धरून होतो. तेव्हापासून गुडघ्याच्या वर पाणी चढू दिलेलं नाही. ऑर्फाशिवाय कुणाला ठाऊक नाही."

रोंडाने वाद घातला नाही. "मग आज पायरीवर बसा. पाय पाण्यात सोडा आणि आम्ही करतो तसं करा."

तो बसला. घोटे फिरवले, पाय वरखाली केले. कोमट पाण्यात गुडघ्यांची कुरकुर जराशी थांबली, हे त्याने मनातल्या मनात कबूल केलं. पुढच्या खेपेला एक पायरी खाली, मग आणखी एक. पाचव्या खेपेला, जीव मुठीत धरून आणि दुसऱ्या मुठीत इमोजीनबाईंचा हात धरून, तो तळाला उभा राहिला. पाणी छातीला लागलं. त्याने पकड आणखी घट्ट केली.

"माझी बोटं मोडतील रे!" इमोजीनबाई कळवळल्या. "आधीच वाकडी आहेत!" पण त्यांनी हात सोडवून घेतला नाही. दोघं तसेच तलावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले.

खाणीतल्या मित्रांना यातलं काही सांगायची सोय नव्हती. ते रोज सकाळी नाक्यावरच्या खानावळीत मऊ पावासारखी बिस्किटं आणि त्यावरचा दाट पांढरा रस्सा खायला जमत.

"मंगळवार-शुक्रवार कुठे उलथतोस?" हर्शेलने विचारलं. हर्शेल त्याचा खाणीतला जोडीदार. कुजकं बोलण्यात त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता.

"दातांच्या डॉक्टरकडे."

"आठवड्यातून दोनदा? तोंडात दात आहेत तरी किती तुझ्या? सगळी कवळीच की!"

डेल्बर्टने कॉफीत तोंड खुपसलं. पुढच्या शुक्रवारी हर्शेलने आपली गाडी त्याच्यामागे घातली.

वर्ग ऐन रंगात होता. सगळ्यांनी हात धरून पाण्यात गोल केला होता, काठावर संगीत चालू होतं, आणि बारा जणांच्या त्या रिंगणात डेल्बर्ट पाय उचलून उचलून नाचत होता. दारात हर्शेल दिसला आणि डेल्बर्टचा चेहराच उतरला.

हर्शेल हसला. पोट धरधरून हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसता हसता भिंतीलगतच्या बुटक्या बाकावर बसला. आणि हसणं संपल्यावर त्याला उठताच येईना. एकदा जोर केला, दोनदा केला. तोंडातून फक्त "आई गं" निघालं.

डेल्बर्ट कठडा धरून पायऱ्या चढला, ओलाचिंब तसाच त्याच्यापुढे उभा राहिला आणि दोन्ही हात पुढे केले. हर्शेल उठला. मान खाली घालून म्हणाला, "दोन वर्षं झाली, आरामखुर्चीतच झोपतोय. झोपायची खोली वर, आणि जिना चढवत नाही मला. पोरीला सांगितलेलं नाही."

"मंगळवारी ये," डेल्बर्ट म्हणाला. "मी तर पाण्याला भ्यायचो. अजून भितो."

"तू? खाणीचं छत कोसळलं तेव्हा मला ओढत बाहेर काढणारा तू?"

"तिथे पाणी नव्हतं."

मंगळवारी हर्शेल आला, गुडघ्यापाशी कापलेली जुनी पँट घालून. रोंडा कठड्याकडे हात करून सांगत होती, "सावकाश, एकेक पायरी." पण एवढ्या बायकांसमोर हळूहळू उतरणं त्याला कमीपणाचं वाटलं असावं. शेवटच्या दोन पायऱ्या त्याने एकदमच सोडल्या आणि तो धप्पकन पाण्यात बसला. तलावात लाट उठली. इमोजीनबाई त्याच सकाळी पार्लरमध्ये केस सेट करून आल्या होत्या. पुढचे दोन आठवडे त्या हर्शेलशी एक अक्षर बोलल्या नाहीत.