कोपरातलं हेल्मेट

"चाकाकडे बघू नकोस. तू बघितलंस म्हणून ते काही सरळ जाणार नाही," गॅरेजवाले थ्रासोसकाका म्हणाले. तोंडातली सिगरेट न काढता बोलायची त्यांना सवय होती, त्यामुळे त्यांचा उपदेश नेहमी अर्धवट ऐकू यायचा.

मी क्लच सोडला, मोटरसायकलने एक हिसका दिला आणि ती बंद पडली. त्या सकाळची ही सातवी वेळ. ऑलिव्हच्या घाण्यामागच्या मैदानात आम्ही दोघंच होतो. ऑगस्टचं ऊन आठ वाजताच अंगावर आलं होतं.

"क्लच एकदम सोडायचा नाही. झोपलेल्या पोराच्या अंगाखालून हात काढतेस ना, तसा. राग आला का?"

"नाही."

"यावा की थोडा. तुझा भाऊ पहिल्या दिवशी लाथा मारत होता गाडीला. रडला पण होता, कुणाला सांगू नकोस. तू नुसती बसून राहतेस."

त्यांचं म्हणणं खरं होतं. चौदा महिने झाले, मला काही होत नव्हतं. आर्गिरिस गेला त्या दिवशी मी घरी बसून वाटीभर डाळ संपवली होती, कारण ती समोर होती. लोकांना वाटलं पोरगी घट्ट मनाची आहे. घट्ट वगैरे काही नव्हतं, आतून सगळं बधिर झालं होतं, दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल होतो तसं. मी अठरा वर्षांची होते आणि मेलेल्या भावाच्या गाडीवर बसून तिचे गिअर शिकत होते, आणि मला भीतीसुद्धा वाटत नव्हती.

शिकायचं कारण आई होती. गावापासून चार किलोमीटरवर, पवनचक्कीच्या वळणावर, आर्गिरिसची पेटी आहे. रस्त्यात माणूस गेला की आमच्याकडे तिथेच चार लोखंडी पायांवर पत्र्याची छोटी पेटी उभी करतात. आत संताची तसबीर, गेलेल्याचा फोटो आणि तेलाचा दिवा. तो दिवा विझू द्यायचा नाही. बाकीच्यांच्या पेट्यांत वर्षभरानंतर कोळी जाळी विणतात. आईने चौदा महिन्यांत एकदाही दिवा चुकवला नव्हता. उन्हाळ्यात बंदराकडे जाणारी बस तिला वळणावर सोडायची, येताना ती चालत यायची. पण सप्टेंबर संपला, पर्यटक गेले की बस आठवड्यातून दोनदाच असते. मागच्या हिवाळ्यात ती जाऊन येऊन चालली आणि दोन्ही गुडघे गमावून बसली. डॉक्टरने तसं पुन्हा चालायला बंदी केली. वडील जहाजावर, वर्षातून दीड महिना घरी. राहिले मी.

"मी नेत जाईन तुला," मी एकदा जेवताना म्हटलं.

"कशावर?"

"थ्रासोसकाकांनी त्याची गाडी नीट केलीय."

आईने हातातला पाव ताटाजवळ ठेवला. "या घरातलं कोणी पुन्हा त्या गाडीवर बसणार नाही. मी शपथ घेतलीय." आणि ती उठून गेली. म्हणून मी चोरून शिकत होते. आमच्या गावात चोरून म्हणजे आई सोडून सगळ्यांना माहीत असताना.

सप्टेंबरमध्ये काकांनी मला रस्त्यावर काढलं. मी पुढे, ते मागे त्यांच्या खटारा पिकअपमध्ये. तिसरा गिअर छान पडला, चढ जमला, समुद्र उजव्या हाताला आला. मग पवनचक्कीचं वळण आलं आणि मी पेटीकडे बघितलं. काचेमागे आर्गिरिस हसत होता, मावशीच्या लग्नातला फोटो. एवढंच झालं, आणि गाडी पेटीच्या दिशेने निघाली. मी वळवत होते तरी ती वळत नव्हती. बारीक खडीत चाक घसरलं, मी दोन्ही ब्रेक दाबले आणि पेटीच्या पायापासून वीतभर अंतरावर आडवी झाले.

काका धावत आले. गुडघा सोलला होता. त्यांनी गाडी उभी केली, मग मला.

"पेटीकडे बघितलंस?"

"हो."

"नजर जाते तिकडे गाडी जाते, पोरी. आपली इच्छा असो नसो. खड्डा चुकवायचा तर खड्ड्याकडे बघायचं नाही. वळण संपतं तिथे ते अंजिराचं झाड दिसतंय? इथून फक्त ते बघायचं. पेटी आहे हे विसर."

"आई म्हणते, पेटीवरून जाताना क्रूसाची खूण केलीच पाहिजे."

"उजव्या हाताने? त्या हातात ब्रेक आहे. तुझ्या आईला मागे बसून करू दे हवी तेवढी खूण. तुझे हात कामात आहेत, देवाला कळतं तेवढं."

मग त्यांनी माझ्या हेल्मेटवर टिचकी मारली. "हे मात्र चांगलं करतेस."

ते मी करत होते, आणि गावात मला त्यावरून हसत होते. आमच्याकडे हेल्मेट डोक्यात घालत नाहीत. ते कोपरात अडकवतात, बाजाराच्या पिशवीसारखं. ऊन फार, केस बिघडतात, आणि पोलीसही गावचाच असतो. हेल्मेट जवळ आहे ना, एवढं बघून तो हात करतो. आर्गिरिसचं हेल्मेट लाल होतं, वडिलांनी पिरेअस बंदरातून आणलेलं. आई रोज दारात उभी राहून विचारायची, "घालणार आहेस ना?" आणि तो कोपर हलवून म्हणायचा, "घाण्यापुढे गेलो की घालतो, आई. गावात लोक हसतात." मी कितीदा त्याच्या मागे बसून घाण्यापुढे गेले होते. त्याने ते कधीही घातलं नाही.

तो गेला तेव्हा पोलिसाने ते आणून दिलं. त्याच्यावर ओरखडा नव्हता. त्याच्या उजव्या कोपरालाही काही झालेलं नव्हतं. "हेल्मेट होतं बरं का त्याच्याजवळ," पोलीस मान खाली घालून आईला म्हणाला. भला माणूस होता, खोटं बोलला नाही. आईने ऐकलं ते वेगळंच ऐकलं. माझ्या मुलाने माझं ऐकलं होतं, पुढे देवाची मर्जी, असं ती शोकाला आलेल्या प्रत्येकीला सांगायची, आणि बायका माझ्याकडे बघायच्या. मी कॉफी ओतत राहायचे.

त्या आठवड्यात आत्याने मदत म्हणून त्याचे सगळे कपडे धुऊन टाकले. उशीचा अभ्रासुद्धा. आई तेव्हा पहिल्यांदा किंचाळली. उरलं ते हेल्मेट. ते तिने जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, तोंड दोरीने आवळलं आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवलं. "त्याच्या डोक्याचा वास आहे आत. उघडायचं नाही," ती म्हणाली. तेव्हापासून ती पिशवी तिथेच होती. कपाट उघडताना मी वर बघायचे नाही.

मी परीक्षा पास झाले. परीक्षकाने अंजिराच्या झाडावरूनच नेलं, मी झाड बघितलं आणि पार झाले. परवाना स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. आईने तो दोन दिवस उचलला नाही, त्याच्या बाजूनेच टेबल पुसत राहिली.

ऑक्टोबरात रोजची बस बंद झाली. पहिल्या दिवशी आई चालत निघाली आणि घाण्यापासून परत आली. थ्रासोसकाकांनीच तिला पिकअपमधून आणून सोडलं. म्हणाले, "वळणापर्यंत नेतो." ती म्हणाली, "आज नेशील, उद्या?" दुसऱ्या दिवशी दिवा गेला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ती खिडकीजवळ खुर्ची घेऊन बसली, जेवली नाही. तिथून वळण दिसत नाही, मध्ये डोंगर आहे.

चौथ्या दिवशी दुपारी ती उठली, काळा कोट घातला, तेलाची बाटली आणि काड्यापेटी पिशवीत टाकली.

"चल," ती म्हणाली. "किती वेगाने नेशील?"

"तू सांगशील तेवढ्या."

"माझ्या डोक्याला काय?"

"काकांकडून आणलंय एक जास्तीचं. बाहेरच ठेवलंय." ते मी आठवडाभर आधीच आणून ठेवलं होतं.

"लोकांचं कशाला? घरात आहे ना." आणि ती कपाटाकडे वळली.

"आई, ते नको. वास जाईल म्हणतेस ना तू."

"एकदा घालीन, लगेच बांधून ठेवीन. त्याचं डोक्यावर असलं तर भीती नाही वाटायची मला."

मला मध्ये उभं राहता आलं असतं. राहिले नाही. तिने स्टूल ओढलं, पिशवी काढली, पलंगावर बसली आणि दोरीची गाठ दातांनी सोडवली. मग दोन्ही हातांनी हेल्मेट धरून त्यात तोंड घातलं.

बराच वेळ ती तशीच होती. मग तिने तोंड बाहेर काढलं, माझ्याकडे न बघता पुन्हा घातलं, पुन्हा काढलं.

"दुकानासारखा वास येतोय गं," ती म्हणाली.

तिने ते उजेडाकडे फिरवलं. आतला स्पंज पांढरा होता, कुठे घामाचा डाग नव्हता, एक केस नव्हता. काचेच्या आतल्या बाजूला कारखान्यात चिकटवलेला पातळ प्लॅस्टिकचा कागद तसाच होता. काच खाली करून बघितलं असतं तर त्यातून रस्ता दिसला नसता.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

ती मला मारेल असं वाटलं. मारावं असंही वाटलं. इतक्या महिन्यांत मला काही वाटलं असेल तर ते एवढंच. तिने मारलं नाही. नखाने त्या कागदाचा कोपरा उचलला आणि हळूहळू, न फाडता, सगळा सोलून काढला. त्याची चौकोनी घडी केली आणि कोटाच्या खिशात ठेवली.

"तू घालतेस?"

"घालते."

"घाण्यापुढे?"

"दारातून."

"दाखव."

मी माझं हेल्मेट घातलं. तिने उठून माझ्या हनुवटीखालचा पट्टा लावला, बोट घालून ओढून बघितला, आणखी एक घर आवळला. मला गिळता येईना, पण मी सैल कर म्हटलं नाही. मग तिने लाल हेल्मेट स्वतःच्या डोक्यावर चढवलं आणि मान वर करून उभी राहिली, मी पट्टा लावावा म्हणून.

चौकातून गेलो तेव्हा कॉफीच्या दुकानातली माणसं बोलायची थांबली. काळ्या कोटातली बाई आणि लाल हेल्मेट, आमच्याकडे असं कुणी बघितलेलं नव्हतं. आईने माझी कंबर दोन्ही हातांनी धरली होती. थ्रासोसकाका गॅरेजच्या दारात उभे होते. त्यांनी सिगरेट तोंडातून काढली.

वळण आलं तेव्हा मी अंजिराचं झाड बघितलं. त्याची पानं गळायला लागली होती. मागे आईने एक हात सोडला, खूण केली, पुन्हा धरला. वळण संपल्यावर मी गाडी थांबवली आणि आम्ही चालत मागे आलो.

तिने पेटीची काच रुमालाने पुसली, वात वर केली, तेल ओतलं. वारा होता, दोन काड्या विझल्या. तिसरी तिने डोकं पुढे झुकवून हेल्मेटच्या आडोशाला धरून लावली आणि दिवा लागला. मग खिशातली ती प्लॅस्टिकची घडी काढून तिने फोटोच्या मागे सरकवली आणि पेटीचं दार लावलं.

"आता काढ ना ते," मी म्हटलं. "गरम होत असेल."

"राहू दे," आई म्हणाली. "घरी जाईपर्यंत राहू दे."

आणि फोटोतल्या आर्गिरिसला नीट दिसेल अशी ती समोर उभी राहिली.