अर्जातला सतरावा प्रश्न

मंद्रूपची रुद्राणी बावीस वर्षांची, बासष्ट किलो वजनगटातली पैलवान. जर्मनीतल्या एका क्लबनं तिला हंगामभर कुस्ती खेळायला बोलावलं होतं. व्हिसाची मुलाखत परवावर आली होती. ती आणि तिचे वडील संगप्पा सोलापुरात, नवी पेठेतल्या वकील अरिबा मॅडमच्या ऑफिसात बसले होते. परदेशी निघालेल्या खेळाडूंचे, कलावंतांचे कागद अरिबाच बघायची.

"सतरावा प्रश्न," अरिबा म्हणाली. "याआधी कधी व्हिसा नाकारलाय?"

"न्हाय," संगप्पा लगेच म्हणाले.

रुद्राणीनं वडिलांकडे बघितलं. "नाकारलाय, अप्पा."

दोन वर्षांपूर्वी एका एजंटानं पोलंडच्या स्पर्धेसाठी तिचा व्हिसाचा अर्ज भरला होता, तो नाकारला गेला. घरी तिनं स्पर्धाच रद्द झाली म्हणून सांगितलं होतं.

"त्यानं राष्ट्रीय पदकाचं खोटं प्रमाणपत्र जोडलं. मला माहीत होतं, तरी सही केली."

संगप्पा ताडकन उठले. लेकीकडे न बघता म्हणाले, "मॅडम, न्हाय म्हणून लिवा. त्यास्नी कुटं कळतंय? पोरीचं आयुष्य हाय की ह्यात!"

"काका, कळलं तर कित्येक वर्षं दार बंद. खरं लिहूनही नाकारतील, ती भीती आहेच. पण खोट्या अर्जाचं काम मी करणार नाही."

अरिबानं अर्ज रुद्राणीपुढे सरकवला. मग रुद्राणीनं पेन ओढून घेतलं आणि 'होय'वर खूण केली. अरिबानं तिला सगळं अर्जासोबतच्या पत्रात लिहायला लावलं. एजंटावर दोष ढकलणारी दोन वाक्यं मात्र खोडली. "सही तुझी होती."

मुंबईत, जर्मन वकिलातीत, काचेपलीकडच्या अधिकारी बाईंनी पत्र दोनदा वाचलं.

"प्रमाणपत्र खोटं आहे, हे माहीत होतं?"

"होय." रुद्राणी म्हणाली. "माझ्या राज्य पातळीवरच्या पदकांवर कोण बोलावणार, असं वाटलं होतं. आता क्लबनं त्याच पदकांवर बोलावलंय."

बाईंनी काहीतरी टाइप केलं. मग पुढच्या अर्जदाराला बोलावलं.

पाच आठवडे गेले. क्लबचा पहिला सामना तिच्याविना झाला. प्रशिक्षकाचा मेसेज आला, आणखी दहा दिवस थांबू, मग दुसरी बघू. संगप्पा तिच्याशी कामापुरतंच बोलत.

आठव्या दिवशी कुरिअर आलं. ती पाकीट नुसतं उलटसुलट करून बघत राहिली. संगप्पांनी ते हिसकून उघडलं, पासपोर्टची पानं उलटली आणि एका पानावर थांबले.

"हितं तुझा फोटू चिकटवलाय. व्हिसा म्हणत्यात त्यो ह्योच का?"

रुद्राणी ते पान बघून मटकन खाली बसली आणि रडायला लागली. संगप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"ऊठ," ते म्हणाले. "त्या वकीलबाईंना फोन लाव आदी."