रेणुकादास सरांचं रॉकेट

"फिर गं, थांबू नको! चंद्र कधी दम खायला थांबतो का?"

रेणुकादास सर ओरडले तशी आरती पुन्हा सत्यमभोवती फिरू लागली. सत्यम मैदानाच्या मधोमध पृथ्वी होऊन स्वतःभोवती गिरक्या घेत होता आणि आता पडतो की मग पडतो अशा बेतात होता. बाकीची पाचवी लिंबाखाली बसून एका सुरात घोकत होती, "द मून ऑर्बिट्स द अर्थ!"

"सर, पृथ्वीला ओकारी येऊन राहिली," सत्यम म्हणाला.

"इंग्रजीत सांग."

"सर... अर्थ व्हॉमिट!"

सगळा वर्ग फिदीफिदी हसला. सरही हसले आणि त्यांनी पृथ्वीला सावलीत बसवलं.

देगलूरपासून अर्ध्या तासावरचं हे गाव. निम्मी पोरं घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड, दोन-चार दखनी. मराठी सगळ्यांना येते, पण ज्याची त्याची निराळी. अशा वर्गात 'ग्रॅव्हिटी'चा अर्थ सांगायचा तर कुणाच्या भाषेत सांगणार? 'गुरुत्वाकर्षण' म्हणावं तर पोरांना तेही इंग्रजीच वाटायचं. म्हणून सरांनी अर्थ सांगणंच सोडून दिलं होतं. शब्द म्हणायचा आणि करून दाखवायचा. ग्रॅव्हिटीसाठी एकानं चिंचेवर चढून चिंचा टाकायच्या, खालच्यांनी त्या खात खात शब्द म्हणायचा. एक्लिप्ससाठी एकीनं दुसरीचं ऊन अडवायचं. या पद्धतीनं शिकलेला शब्द पोरं विसरत नसत. विसरतील कशी, चिंच खाल्लेली असायची ना!

लिफ्ट-ऑफचं मात्र गाडं फसलं होतं. सगळ्यांनी उकिडवं बसायचं, टेन-नाइन-एट करत झिरोवर यायचं आणि "लिफ्ट-ऑफ" म्हणत उडी मारायची. पण सर मूळचे माहूरचे, रेणुकामातेच्या गडाखाली लहानाचे मोठे झालेले. एका वर्षी झिरो म्हटल्यावर भान सुटून त्यांच्याच तोंडून "उदो!" निघून गेलं. झालं! पोरांना तेवढंच पाहिजे होतं. तेव्हापासून दर वर्षीची पाचवी झिरोनंतर उदोच करायची. सरांनी लाख दटावलं, पण मोठी पोरं धाकट्यांना आधीच शिकवून ठेवायची.

आणि ज्या माणसानं इतक्या पोरांना रॉकेट उडवायला शिकवलं, त्यानं स्वतः रॉकेट कधी पाहिलं नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीला एकदा ते रजा टाकून श्रीहरिकोट्याच्या अलीकडच्या स्टेशनापर्यंत जाऊन पोचले होते. तिथं कळलं, उड्डाण पुढं ढकललंय. लॉजवर पडून राहिले, रजा संपली आणि तसेच परत आले. त्यांच्या बायकोला, तारामतीला, कोडकौतुकानं सांगायला तेवढंच मिळालं. "बाकीच्यांच्या बायका रुसतात, आमच्या ह्यांच्यावर रॉकेट रुसलं!" ती पाहुण्यारावळ्यांत सांगायची. मग वडिलांचं आजारपण, मग मुलीचं लग्न, मग काही ना काही. येत्या मे महिन्यात सर निवृत्त होणार होते.

आणि आताच तालुक्यात बातमी आली. पाचवीच्या एका विद्यार्थ्याला रॉकेट उडताना बघायला नेणार, अगदी आतपर्यंत, जिथं ते उभं करतात तिथवर. सोबत त्याच्या शाळेतले एक शिक्षक. आधी लेखी, मग इंग्रजीतून तोंडी परीक्षा घेऊन निवड. लेखी झाली आणि शेवटच्या फेरीला देगलूरला बोलावली याच शाळेतली दोन पोरं, सत्यम आणि आरती. म्हणजे कुणीही निवडलं गेलं तरी सर जाणारच होते! पंधरवडाभर त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. तारामतीनं तर त्यांचा स्वेटरही धुऊन वाळत टाकला होता. श्रीहरिकोट्याला स्वेटर कशाला लागतो हे तिला कुणी सांगितलं नाही.

शुक्रवारी शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका, मृण्मयी मॅडम, तोंड पाडून आल्या. नांदेडहून नव्यानं आलेली पोर ती.

"सर, तालुक्याच्या ऑफिसमधून फोन होता. मुलगा निवडला तर तुम्ही. मुलगी निवडली तर सोबत शिक्षिकाच हवी म्हणतात. म्हणजे मी." मग घाईनं म्हणाल्या, "मी नाही म्हणून सांगू का?"

"नाही म्हणून कसं चालंल? बाई सोबत नसली तर पोरीचा बाप तिला उंबऱ्याबाहेर काढायचा न्हाई. बरोबर हाय त्यांचं," सर म्हणाले. म्हणाले खरं, पण त्या दिवशी पोरांना लिफ्ट-ऑफ करायला लावलं नाही.

शनिवारी शाळा सुटल्यावर दोघांचा सराव. सत्यम घडाघडा बोलला. आरतीला सगळं येत होतं, सत्यमपेक्षा चांगलं येत होतं. पण परक्या माणसापुढं तिचा आवाज ओठाबाहेर पडत नसे. मृण्मयी मॅडम परीक्षक होऊन समोर बसल्या तशी ती पुटपुटायला लागली. रोजच्यासारखं सरांनी म्हणायला हवं होतं, "मोठ्यानं, आरती. पुन्हा." ते म्हणाले नाहीत. म्हणाले, "बरं, ठीक हाय. जा घरी."

घरी ते ताटातली भाकरी नुसती चिवडत बसले. तारामतीनं दोनदा विचारल्यावर त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"पोरगी आवाजच काढंना, तर त्यात तुमचा काय दोष?" ती म्हणाली. भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि मग म्हणाली, "पण त्यात तुमचं जाणं अडकलं नसतं तर तुम्ही तो काढायला लावला असता."

सरांना तिचा राग आला. खरं बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा.

रविवारी सकाळी ते आरतीच्या शेताकडं निघाले. ज्वारी हुरड्यात आली होती आणि बांधाच्या अलीकडूनच त्यांना एक खणखणीत आरोळी ऐकू आली. मचाणावर उभी राहून आरती पाखरं हाकलत होती. "हाऽऽ हो हो हो!" आवाज असा की शेजारच्या रानातली पाखरंही उठावीत. सर बांधावर उभे राहिले. परत फिरायला अजूनही काही हरकत नव्हती. तिनं त्यांना पाहिलंही नव्हतं. आयुष्यभर ज्याची आस धरली, ते एका पोरीच्या गप्प राहण्यावर मिळणार होतं, आणि ती तर आपल्या आपण गप्पच राहणार होती. मग त्यांनी हाक मारली.

"आरती! हा आवाज उद्या कुठं ठिवून येणार हायस?"

ती मचाणावरून खाली उतरली, ओढणीनं तोंड पुसून लाजली. "तिथं पाखरं नसत्यात, सर."

"असत्यात गं. खुर्चीवर बसलेली असत्यात. चल, वर चढ. ग्रॅव्हिटी म्हण. त्या लांबच्या बाभळीला ऐकू गेलं पायजे."

दुपारपर्यंत त्या रानातली पाखरं सॅटेलाइट, पेलोड आणि स्पेस स्टेशनला भिऊन उडत होती.

सोमवारी देगलूरला सर बाहेरच्या बाकावर बसले. दार उघडंच होतं. सत्यम आधी गेला, छान बोलला, पाठ केलेलं पाठ केल्यासारखं. मग आरती. पहिले दोन प्रश्न पुन्हा तेच पुटपुटणं. परीक्षक बाई मायेनं म्हणाल्या, "लाउडर, बेटा." आरती मान खाली घालून उभी. आपण सांगितलं तेवढं सांगितलं, आता आपला इलाज नाही, असं सरांच्या मनात आलं आणि त्यांना हलकं वाटलं. त्या हलकं वाटण्याचीच त्यांना लाज वाटली.

"काउंटडाउन येतं?" दुसऱ्या परीक्षकांनी विचारलं. "फाइव्ह, फोर, थ्री, टू, वन, झिरो... अँड देन?"

"उदो!"

खिडकीची तावदानं थरथरली. तिघं परीक्षक दचकले. एकाचे हात तर सवयीनं जोडलेच गेले. मग तिघंही पोट धरून हसले. आरतीही हसली आणि एकदा फुटलेला आवाज मग मागं फिरला नाही. रॉकेट का उडतं, चंद्र पडत का नाही, सगळं तिनं हात पसरून, जागच्या जागी फिरून, मोडक्यातोडक्या पण ठणठणीत इंग्रजीत सांगितलं. बाहेर बाकावर सर एकेका शब्दाला मान डोलवत होते. डोळे भरून आले होते. आनंदानं की आणखी कशानं, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

निवडलं आरतीला. सर स्वतः तिला आणि मृण्मयी मॅडमना गाडीत बसवून आले. तारामतीनं दिलेला स्वेटरही आरतीच्या पिशवीत घातला.

आठवड्यानं ती परत आली. वर्ग तिच्याभोवती गोळा झाला. आगगाडीत काय खाल्लं, समुद्र कसा खारट असतो, मृण्मयी मॅडमना बस कशी लागली, सगळं सांगून झालं.

"अन् रॉकेट?" सरांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी मुद्दाम मागं ठेवला होता.

आरतीनं हात वर नेले आणि तसेच खाली घेतले. "सांगता न्हाई येत, सर."

"मराठीत सांग. तेलुगूत सांग."

"कशातच न्हाई येत." ती उठली, सरांचा हात धरून त्यांना शाळेमागच्या सामानाच्या खोलीकडं घेऊन गेली आणि पोरांच्या कानात काहीतरी सांगून त्यांना आत पाठवलं. पत्र्याचं दार बाहेरून ओढून घेतलं. "सर, डोळे मिटा. दोन्ही हात दारावर ठिवा."

सरांनी तळवे टेकवले. पत्रा उन्हानं तापलेला होता.

"आधी नुसता उजेड येतो, सर. लई उजेड. पण आवाजच न्हाई. रॉकेट वर चाललंय अन् आवाज न्हाई. आपल्याला वाटतं, काही चुकलं का? अन् मग..."

आतून सगळ्या पाचवीनं दारावर तळहात बडवायला सुरुवात केली. आधी हळू, मग जोरात, मग इतकं जोरात की पत्रा धडधडायला लागला. ती धडधड सरांच्या तळव्यातून कोपरात गेली, कोपरातून छातीत. वरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. मग हळूहळू सगळं विरत गेलं.

"असं होतं, सर," आरती म्हणाली. सरांनी डोळे उघडले, तर ती त्यांच्याकडंच बघत होती. "तुम्हाला यायचं व्हतं ना?"

छे गं, माझं काय, असं म्हणायचं सरांनी केव्हाच ठरवून ठेवलं होतं.

"हाव," ते म्हणाले. "लई यायचं व्हतं, पोरी."

आरती पायानं माती उकरत राहिली. "आणखी एकदा करू, सर?"

"कर," सर म्हणाले. त्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही तळवे पत्र्यावर टेकवून ते वाट बघत उभे राहिले.