हुकावरच्या दोन अंगठ्या

“अंगठी काढल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही,” डेस्मंडने बायकोला दारातच अडवलं.

“निघत नाही रे. बोट सुजलंय.”

“मग बाहेर बस. चहा पी.”

लेझरचा झोत अंगठीवरून उसळून डोळ्यात गेला तर डोळा कामातून जातो, म्हणून लीड्समधल्या आमच्या प्रयोगशाळेत हा नियम होता. डेस्मंड हर्स्ट तिथला तंत्रज्ञ, आणि नियमाचा पक्का. माझं घड्याळ त्याने किती वेळा उतरवलं असेल! एकदा तर खुद्द प्राध्यापकबाईंना कानातल्यांवरून परत पाठवलं होतं. स्वतःची लग्नाची अंगठी तो रोज सकाळी दाराजवळच्या हुकाला अडकवायचा. दिवसभर तू ब्रह्मचारीच, असं त्याची बायको नोरा त्याला चिडवायची.

आज त्याचा नोकरीतला शेवटचा दिवस होता. नोराची नजर वर्षभरात फार अधू झाली होती, आणि उरलीसुरलीही हिवाळ्यापर्यंत जाईल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याआधी तिला नवऱ्याच्या लेझरचा तो प्रकाश एकदा पाहायचा होता. तेवढ्यासाठी ती चाचपडत, बस बदलून आली होती आणि हा बाबा तिला चहा पी म्हणत होता. मला रागच आला.

“नोराबाई, हात इकडे करा,” मी म्हटलं. भांडी घासायचा साबण लावून पाहिला. अंगठी हलेना. शेवटी निरोपाच्या चहापाण्यासाठी आणलेलं लोणी चोळलं.

“मला पावाला लावताय की काय!” ती खिदळली आणि अंगठी सुटली, लग्नानंतर पहिल्यांदाच. डेस्मंडने ती पुसून आपल्या अंगठीशेजारी हुकाला अडकवली.

आत नेऊन त्याने तिला जाड चष्मा चढवला, यंत्रासमोर उभं केलं आणि बटण दाबलं. टक टक टक टक...

“कुठाय?” नोराने डोळे ताणले. “डेस, मला नाही रे दिसत. उशीर केला मी.”

“अगं, तो कुणालाच दिसत नाही. मलासुद्धा कधी दिसला नाही.”

“कधीच नाही?”

“डोळ्यांना न दिसणाराच प्रकाश आहे हा. नुसता ऐकायचा. प्रत्येक ‘टक’ला आतल्या हवेत काही कण जन्मतात, दुसऱ्यांना गाठतात आणि पापणी लवायच्या आत संपतात. वर आभाळात हेच चालतं. ते किती झटपट होतं, एवढंच आम्ही मोजतो.”

“पापणी लवायच्या आत संपणाऱ्यासाठी सगळं आयुष्य घातलंस? अरे देवा!” हसता हसता तिने त्याचा दंड धरला. मग डोळे मिटून ऐकत राहिली. आम्हीही मिटले.

बाहेर आल्यावर डेस्मंड हुकाकडे हात नेणार, तोच तिने चाचपडत दोन्ही अंगठ्या काढल्या आणि बोटांनी फिरवून पाहिल्या.

“ही तुझी. रोज काढून-घालून गुळगुळीत झालीय.” तिने ती त्याच्या बोटात सरकवली. “आता काढायची नाही हं.”

“आता कशाला काढू?” डेस्मंड म्हणाला, आणि तिची अंगठी त्याने तिच्या करंगळीत सरकवली.

सोमवारी मी कामावर आले, दारात घड्याळ उतरवलं. डेस्मंडचा हुक मोकळाच होता. तरी घड्याळ मी खिशातच ठेवलं.