नळाच्या पाण्याला मिळालेल्या टाळ्या

मी एक जुनी काचेची बरणी आहे. कोल्हारजवळच्या एका कॉलेजात, प्रयोगशाळेच्या बेसिनखाली पडून असते. माझ्या तोंडात संडास घासायचा ब्रश खुपसलेला असतो. त्याची शिसारी येतेच. पण मित्रांनो, खरी किळस मला एकदाच आली.

तेव्हा इथे संशोधन करणारी दिशाताई माझ्यात दोन जातींचे जिवाणू वाढवत होती. जिवाणूंना तोंड नसतं, पण एकाने सोडलेला रस दुसऱ्याला कळतो. तीच त्यांची बोली. दिशाताईने ती मुद्दाम घडवली होती. पहिल्याला घाण सापडली की त्याने रस सोडायचा. रस पुरेसा साठला की दुसऱ्याने घाण खायला लागायचं.

घाण जवळच्या गावची शेतकरीण राहीबाई आणायची. तिच्या मळ्याशेजारच्या ओढ्यात कुठल्याशा कारखान्याचं पाणी उतरायचं. काळपट, फेसाळ, कुजक्या गुळाच्या वासाचं.

"ताई, ह्याला म्हशीबी तोंड लावत न्हाईत. आता हिरीतबी उतरलंय," ती म्हणाली.

ते पोटात घेताना माझी काचसुद्धा बुळबुळीत झाली. शी!

हळूहळू वास मंदावला. रंग मात्र जाईना.

"अजून वेळ लागेल, मावशी," दिशाताई सांगायची.

विभागप्रमुख वाल्मिक सरांना तेवढा धीर नव्हता. दुसऱ्या दिवशी प्रयोग बघायला पाहुणे येणार होते. दिशाताई घरी गेल्यावर त्यांनी मला बेसिनमध्ये पालथं केलं. ओतण्याआधी जिवाणू मारायचं औषध टाकावं लागतं, तेही टाकलं नाही, सगळं जिवंतच गटारात सोडलं. मग मला नळाखाली धरलं.

सकाळी मला पाहताच दिशाताईचा चेहरा उतरला. तेवढ्यात सर पाहुण्यांना घेऊन आले.

"बघा आमच्या जिवाणूंची कमाल!" सर पाहुण्यांना म्हणाले. टाळ्या कडाडल्या. खरी किळस मला आली ती त्या नितळ पाण्याची.

राहीबाईही आली होती. तिने झाकण काढून वास घेतला. "लई भारी झालं की! मंग हिरीत ह्ये जिवानू टाकून पानी प्यायचं व्हय?"

"खुशाल प्या," सर हसून म्हणाले.

दिशाताई पुढे झाली. "मावशी, पिऊ नका. हे नळाचं पाणी आहे. तुमचं पाणी अजून साफ झालेलं नाही."

पाहुणे खाली मान घालून निघाले. सरांनी दिशाताईकडून प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली आणि मला बेसिनखाली ढकललं.

राहीबाईने दिशाताईचा हात घट्ट धरला. "पोरी, माझी नातवंडं प्याली असती गं."

मित्रांनो, कुणी स्वच्छ पाणी दाखवलं, तर टाळी वाजवण्याआधी एवढंच विचारा, हे कुठून भरलं?